बाटलीतला समुद्र

औंढा नागनाथाचे गर्भगृह तळघरात आहे. अरुंद वाटेने अंग चोरून खाली उतरावे लागते आणि श्रावणी सोमवारच्या गर्दीत तेथे जीव कोंडतो. वर आल्यावर शेजारची शाळकरी मुलगी मोकळा श्वास घेत म्हणाली, "आजोबा, समुद्राच्या तळाशी मासे श्वास कसा घेतात हो?"

याचे उत्तर बाटलीत भरून आणावे लागते. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९७६ साली तिची 'गवेषणी' आली, २०१४ साली 'सिंधू साधना'. ठरल्या जागी जहाज थांबते. गोल चौकटीत बसवलेल्या, दोन्ही तोंडे उघडी असलेल्या उभ्या बाटल्या तारेने खोल सोडतात आणि वर येताना ठरल्या खोलीवर एकेक बाटली मिटवतात. डेकवर पहिला मान प्राणवायूच्या नमुन्याचा. हवेचा बुडबुडा शिरला की माप चुकते. पाण्यात दोन रसायने घातली की साका तपकिरी होतो. प्राणवायूच नसेल तर तो पांढराच राहतो.

अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ संपतो. गंमत म्हणजे अगदी तळाशी तो पुन्हा वाढतो. दक्षिणेकडून आलेले थंड पाणी तो घेऊन येते. कोंडमारा आहे तो मधल्या थरात. जूनमध्ये आपण ज्या नैर्ऋत्य वाऱ्यांकडे डोळे लावतो, तेच वारे समुद्र घुसळतात. शेवाळ माजते, मरून खाली जाते आणि ते कुजताना प्राणवायू खर्ची पडतो.

समुद्र तापतो आहे आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. हा थर पसरला, तर मासे कोठे जातील आणि कोळ्यांनी जाळे कोठे टाकावे? पण तो पसरतो आहे की नाही, हे जुन्या नोंदींशी ताळा घातल्यावाचून कळत नाही. बँकेत एकदा व्हाउचरवर तारीख घालायला मी विसरलो आणि रात्री दहापर्यंत हिशेब जुळेना. तारीख, जागा, खोली लिहिली नसेल, तर बाटलीत उरते ते नुसते खारे पाणी.

हे सारे ऐकून मुलगी म्हणाली, "मग त्या जुन्या वह्या कोणी रद्दीत तर नाही ना घातल्या?"

मोठ्या माणसांनी हा प्रश्न मला कधी विचारल्याचे आठवत नाही.