एका पगाराची जागा

आजचं वर्तमानपत्र पूर्ण उघडा आणि जमिनीवर पसरा. मधली घडी हाताने दाबून सरळ करा. आमच्या घरी मी टेप लावून मोजलं, तेव्हा तो कागद सव्वादोन फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद भरला. म्हणजे जवळजवळ चार चौरस फूट. मुंबईच्या उपनगरात, मुलुंड-कांदिवलीकडे, नव्या इमारतीतल्या घराला चौरस फुटामागे २५ हजार रुपये दर धरला, तर त्या कागदाखालची जागा एक लाख रुपयांची झाली.

एक लाख हा आकडा मी मुद्दाम घेतला. म्हाडाच्या हिशेबात मुंबई परिसरात वर्षाला ९ ते १२ लाख मिळवणारं कुटुंब 'मध्यम उत्पन्न गटा'त येतं. म्हणजे त्या गटाची वरची मर्यादा महिन्याला बरोबर एक लाख. समजा, ती परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि तो फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब लिहितो. दोघांची मिळून ही कमाई. तीस दिवस दोघं राबली की जमिनीवर एक वर्तमानपत्र अंथरायची ऐपत येते.

आता त्यांना हवं असलेलं घर घेऊ. हौस मोठी नाही. साडेचारशे चौरस फूट कार्पेट, दोन छोट्या खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. ते पूर्ण झाकायला सुमारे ११२ वर्तमानपत्रं लागतात. तांदूळ आणायचा नाही, शाळेची फी भरायची नाही, कुणी आजारी पडायचं नाही, अशा रीतीने ११२ पगार जसेच्या तसे बाजूला टाकले, तर नऊ वर्षं चार महिन्यांनी शेवटचा कागद दाराशी पोहोचतो. सहा बाय चारची कॉट भिंतीला लावली, तर तिच्याखालची जागा सहा लाखांची. रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. एवढ्या घरात आतल्या भिंती सहज सोळा-एक चौरस फूट खातात. म्हणजे चार महिन्यांची कमाई अशा जागेवर, जिथे कधी कुणाचं पाऊलही पडणार नाही.

हे सगळं नुसत्या किमतीचं झालं. १ कोटी साडेबारा लाखांच्या या घरावर ६ टक्के मुद्रांक शुल्क पावणेसात लाख. इमारत अजून बांधून व्हायची असेल तर ५ टक्के जीएसटी, ५ लाख ६२ हजार. नोंदणीचे ३० हजार. घरात एक खिळा ठोकण्याआधी पावणेतेरा लाखांच्या आसपास गेले. या वरच्या खर्चाला बँक हात लावत नाही. आणि कर्ज ७५ लाखांच्या पुढे गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतं. उरलेलं डाउन पेमेंट आणि हा खर्च मिळून त्या जोडप्याला स्वतःचे ४० लाख ८० हजार उभे करावे लागतात.

महिन्याला २० हजार शिल्लक टाकणं लाखाच्या घरात सोपं नाही, पण त्यांनी ते जमवलं असं धरू. व्याजाने शिल्लक वाढेल, तसं घरही महागेल. दोन्ही एकमेकांना फेडतात असं समजू. ४० लाख ८० हजार भागिले २० हजार, २०४ महिने. सतरा वर्षं. तिशीत सुरुवात केली तर सत्तेचाळिसाव्या वर्षी बँकेच्या दारात. तिथे ८४ लाख ३७ हजारांचं कर्ज, साडेआठ टक्के दराने, वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ७३ हजार २०० रुपये. म्हणजे व्याजासह १ कोटी ७५ लाख परत करायचे, मुदलाहून ९१ लाख जास्त. पण सत्तेचाळिशीच्या नोकरदाराला वीस वर्षं देतो कोण? साठीला निवृत्ती धरली तर हातात तेराच वर्षं, आणि मग हप्ता जातो ८९ हजार ५०० वर. लाखातले साडेदहा हजार उरले. त्यात मेंटेनन्स, वीजबिल आणि रेल्वेचा पास.

कुणी म्हणेल, पगारही वाढतो की. वाढतो. पण तो घराच्या किमतीइतक्याच वेगाने वाढला, तर अंतर आहे तेवढंच राहतं. तो जास्त वेगाने वाढतो, असं मला माझ्या ओळखीतल्या कोणत्याही घरात दिसलेलं नाही.

तोवर राहायचं कुठे? भाड्याने. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा. तीस वर्षांत असे जवळजवळ तेहतीस करार होतात. दर वेळी मालकाचा फोन येईपर्यंत जीव टांगणीला, दर वेळी डिपॉझिटची जुळवाजुळव, दलालाचा एक महिना, गॅसचा पत्ता बदलणं, मुलाची शाळा आता किती लांब पडणार याची चिंता. मी स्वतः हे सात वेळा केलं आहे. सामान बांधताना आईने दर वेळी देव्हारा शेवटी ठेवला आणि नव्या घरी पहिला काढला, एवढीच त्यातली एक गोष्ट कायम राहिली.

केंद्र सरकारने जीएसटीसाठी 'परवडणारं घर' कशाला म्हणायचं ते ठरवलं आहे: महानगरात ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. त्यावर कर फक्त १ टक्का. जागेची अट चांगली उदार आहे, साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपास. पण आपल्या दराने ४५ लाखांत मिळतात १८० चौरस फूट. शंभर वर्षांपूर्वी, १९२०च्या दशकात, सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. त्यातली खोली १६० चौरस फुटांची होती आणि संडास मजल्यावर सामाईक. शतकभरात वाढ झाली ती पाच वर्तमानपत्रांची. त्याच वरळीच्या चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद झाला. तीन-तीन पिढ्या तिथे पाय मुडपून झोपल्या होत्या. पण चाळीत ज्यांची खोली नव्हती आणि ज्यांच्याकडे कोटीही नाहीत, असा फार मोठा नोकरदार वर्ग कोणत्याच यादीत बसत नाही.

तो वर्ग सरकत गेला. गिरगावातून दादरला, दादरहून मुलुंड-बोरिवलीला, तिथून डोंबिवलीला, आणि आता बदलापूर-विरारच्याही पुढे. आमच्या जोडप्यानेही शेवटी हेच केलं असं समजा. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन १३६. वर्षाला कामाचे २८० दिवस धरले तर ३८ हजार किलोमीटर होतात. पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी मारायला ४० हजार लागतात, म्हणजे हा माणूस दर वर्षी, बहुतेक वेळ उभ्याने, जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा करतो. तीस वर्षांच्या नोकरीत सव्वाअकरा लाख किलोमीटरच्या वर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. इतक्या प्रवासात तो चंद्रावर जाऊन परत आला असता आणि पुन्हा निघून दुसऱ्यांदा चंद्राच्या दाराशी पोहोचला असता.

अंतरापेक्षा मला वेळेचा हिशेब जास्त लागतो. बदलापूरला घराच्या दारापासून फोर्टातल्या टेबलापर्यंत दोन तास: स्टेशनपर्यंत रिक्षा, पुलावरची गर्दी, गाडी, आणि पुढे चालत. जाऊन-येऊन चार. २८० दिवसांचे ११२० तास, तीस वर्षांचे ३३ हजार ६००. रात्र-दिवस मोजले तर सलग १४०० दिवस, म्हणजे तीन वर्षं दहा महिने. आठ तासांची पाळी धरून मोजलं तर पंधरा वर्षांची नोकरी, जिचा पगार कुणी देत नाही. मुलुंडमधल्या घरापेक्षा बदलापुरातलं घर स्वस्त असतं ते या पंधरा वर्षांमुळे. घराची उरलेली किंमत तासांत चुकती होते. आणि तिच्या वाट्याला या चार तासांच्या दोन्ही टोकांना पोळ्या असतात. पहाटेचा डबा, रात्रीचं जेवण. गाडीत चौथ्या सीटवर अर्धी टेकून भाजी निवडणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दिवसाला सुमारे ७० लाख प्रवासी जातात. प्रत्येकाचा एकच तास धरू. ७० लाख तास म्हणजे ७९९ वर्षं. एका दिवसात आठशे वर्षं खर्च होतात. आजपासून आठशे वर्षं मागे गेलात, तर संत ज्ञानेश्वरांचा जन्मही अजून पन्नास वर्षं दूर असतो. एवढा काळ हे शहर रोज संध्याकाळपर्यंत संपवतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करतं. २०२३मध्ये या मार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी अडीच हजारांहून अधिक माणसं गेली. दिवसाला सात. घर लांब आहे म्हणून कुणाचा जीव जावा, हे मला आजही सोसत नाही.

जागा नाही, असं आपण म्हणतो. २०११च्या जनगणनेचे आकडे घेऊन २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालाने दाखवलं की मुंबईत ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती. कुलूपबंद. घरात चार माणसं धरली, तर १९ लाखांवर लोकांची सोय. त्याच जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं; सगळं नाशिक मुंबईच्या बंद दारांआड मावलं असतं आणि तरी चार लाख माणसांची जागा उरली असती. त्याच मुंबईत निम्म्याहून अधिक कुटुंबं एका खोलीत राहत होती. कारणं ठाऊक आहेत. भाडं घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास मिळतं, भाडेकरू हटणार नाही ही जुनी भीती १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून मालकाच्या मनात बसलेली, कोर्टाची तारीख वर्षानुवर्षं लांबणारी. म्हणून घर वापरायची वस्तू न राहता तिजोरीत ठेवायचं सोनं झालं. मला विचाराल तर नवा टॉवर बांधण्याआधी ही कुलपं उघडायला हवीत. रिकाम्या घरावर जास्त कर लावा, भाड्याच्या तंट्याचा निकाल वर्षाच्या आत लावा, आणि मालकाचा भरवसा व भाडेकरूची स्थिरता या दोन्हींचं रक्षण करणारा लांब मुदतीचा करार रूढ करा.

दुसऱ्या बाजूला सोडत. ऑक्टोबर २०२४मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०३० घरांची सोडत काढली. अर्ज आले १ लाख १३ हजारांवर. एका घरामागे छप्पन्न. मध्यम उत्पन्न गटासाठी त्यात ७६८ घरं होती. वर्षाला २०३० घरं हाच वेग धरला, तर २०११मधल्या रिकाम्या घरांइतकी घरं द्यायला २३६ वर्षं लागतील. आदल्या वर्षीच्या सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींच्या वर होतं, उच्च उत्पन्न गटात. आमच्या जोडप्याला थोडी पगारवाढ मिळाली आणि महिन्याची कमाई लाखाच्या वर गेली, तर त्याच गटात ती मोडतात. त्या घरासाठी त्यांना त्रेसष्ट वर्षांचा पूर्ण पगार लागेल.

सकाळची बदलापूर-सीएसएमटी. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वे त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणते. एका माणसाच्या वाट्याला जेमतेम पाऊण चौरस फूट जागा येते. तरी त्यात अजूनही कुणी ना कुणी वर्तमानपत्र वाचत असतो. चार चौरस फुटांचा तो ताव तीनदा दुमडला की अर्ध्या चौरस फुटाची घडी होते, तेवढी त्याच्या जागेत मावते. कोपर शेजाऱ्याला लागणार नाही अशा बेताने तो ती डोळ्यांसमोर धरतो. अंबरनाथला गर्दीचा लोंढा आत येतो, तेव्हा घडी छातीशी दाबतो. उल्हासनगर गेल्यावर पुन्हा वर करतो आणि उलटतो. मागच्या बाजूला मुलुंडच्या नव्या इमारतीची पानभर जाहिरात आहे. त्या घडीत तिचा वरचा एक मजला आणि थोडं आकाश तेवढं दिसतं.