दोन थरांची तबकडी
सोनईतल्या कपाटांत लग्नाच्या, शिंगणापूरच्या यात्रेच्या डीव्हीडी अजून असतील. साध्या कोऱ्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. विकतच्या सिनेमाची तबकडी बहुधा दोन थरांची, ८.५ जीबीची. तिची पूर्ण प्रत घ्यायला कोरी तबकडीही दुथरीच लागते. तिच्यात रंगद्रव्याचे दोन थर एकावर एक असतात. पहिला अर्धपारदर्शक. त्यावर लिहून झालं की लाल लेसरचा फोकस थोडा सरकतो आणि त्याच थरातून आरपार जाऊन लेसर दुसऱ्यावर लिहितो. किती नाजूक काम! थर बदलतानाच काही प्लेअरवर सिनेमा क्षणभर थबकतो.

हे रंगद्रव्य मात्र ऊन-उष्णतेनं विटतं. नेवासे तालुक्यातल्या उन्हाळ्यात तबकडी पत्र्याखाली ठेवू नका. आणि सगळं एकाच जागी ठेवणंही धोक्याचं: २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या आगीत प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या फिल्मा जळाल्या. म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर घ्या, आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.