गाव

गाव : फार्सी भाषेतील एक अभिजात इराणी चित्रपट (१९६९). फार्सी ‘गाव’ म्हणजे गाय; हा शब्द संस्कृत ‘गो’ शब्दाचा सगोत्र असून मराठी ‘गाव’ (खेडे) या शब्दाहून निराळा आहे. चित्रपटाचे दिग्दर्शन दार्यूश मेहरजुई (१९३९–२०२३) यांनी केले. पटकथा त्यांनी आणि गुलाम-हुसेन साएदी (१९३६–८५) यांनी मिळून लिहिली. साएदी हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आणि ‘गोहर मुराद’ या टोपणनावाने नाटके लिहिणारे नामवंत लेखक. त्यांच्या आजादारान-ए-बयल (१९६४, म. शी. ‘बयलचे शोककर्ते’) या परस्परसंबद्ध कथांच्या संग्रहातील एका कथेवर हा चित्रपट आधारलेला आहे.

कथानक साधे आहे. एका दरिद्री खेड्यात मश्द हसन नावाच्या निपुत्रिक शेतकऱ्याजवळ गावातील एकमेव गाय असते. ‘मश्द’ ही मशहद येथील यात्रा केलेल्यास लावण्यात येणारी आदरार्थी उपाधी होय. गाय गाभण असून तीच हसनचे सर्वस्व व गावातील त्याच्या मानाचे कारण असते. तो परगावी गेला असता गाय अकस्मात मरते. त्याला धक्का बसू नये म्हणून गावकरी तिला पुरून टाकतात व ती पळून गेल्याचे त्याला सांगतात. हसन त्यावर विश्वास ठेवत नाही. तो गोठ्यात राहू लागतो, गवत खातो आणि अखेरीस आपणच हसनची गाय आहोत असे समजू लागतो. हितचिंतक त्याला दोरीने बांधून शहरातील रुग्णालयाकडे नेतात. तो पुढे जाईना, तेव्हा त्याचा समंजस मित्र इस्लाम त्याला जनावराप्रमाणे झोडपतो. शेवटी हसन निसटून पळतो व उतारावरून कोसळून मरतो.

या कथेत खलपुरुष कोणीही नाही. गावाचे असत्य करुणेतून जन्मलेले असते. पण त्यामुळे हसनला मृत गाईचा शोक करण्याची संधीच उरत नाही. ज्याला जपावयाचे, त्यालाच हा समाज शेवटी पशू मानून वागवितो, ही चित्रपटातील खरी शोकांतिका होय.

मेहरजुई यांनी अमेरिकेत लॉस अँजेल्स येथे तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले होते. इज्जतुल्ला इंतजामी (हसन), अली नसीरियान (इस्लाम), जमशीद मशायेखी, जाफर वाली इ. प्रमुख नट रंगभूमीवरून आलेले होते. इंतजामींनी हसनचे स्थित्यंतर मुख्यत्वे नजर, चाल व आवाज यांतून साकार केले. संगीत हुर्मुझ फर्हत यांचे असून चित्रण कृष्णधवल आहे.

चित्रपटास शासकीय अर्थसाहाय्य मिळाले होते. तथापि पुरोगामी इराणचे चित्र जगापुढे मांडू पाहणाऱ्या शाहच्या राजवटीस त्यातील दारिद्र्य रुचले नाही. प्रदर्शनास अटकाव झाला. पुढे, यातील घटना पूर्वीच्या काळातील आहेत, असे निवेदन जोडावे लागले. १९७१ मध्ये चित्रपटाची प्रत गुप्तपणे व्हेनिसच्या महोत्सवात पोहोचली व उपशीर्षकांवाचून दाखविण्यात येऊनही तीस आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक लाभले. त्याच वर्षी शिकागो महोत्सवात इंतजामींना उत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक मिळाले. १९७९ च्या क्रांतीनंतर आयातुल्ला खोमेनी यांनी या चित्रपटाची प्रशंसा केल्याचे सांगतात; इराणमध्ये चित्रपटकला टिकण्यास त्याचे साहाय्य झाले, असे मानले जाते.

निर्मात्यांच्या वाट्याला मात्र निरनिराळी दैवे आली. शाहच्या काळात तुरुंगवास भोगलेले साएदी क्रांतीनंतर पॅरिसमध्ये निर्वासित म्हणून राहिले व तेथेच निवर्तले. मेहरजुईंनी हामून (१९९०), लैला (१९९७) यांसारखे उल्लेखनीय चित्रपट निर्माण केले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी कराजनजीकच्या राहत्या घरी पत्नी वहीदे मुहम्मदीफर यांच्यासह त्यांची हत्या झाली. इराणी नवचित्रपटाच्या प्रवर्तक कृतींत गाव या चित्रपटाचे स्थान अग्रगण्य आहे.