भेंडीबाजाराचे गाणे

भेंडीबाजार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? गर्दी, हातगाड्या, रमजानच्या रात्रीचे कबाब आणि कधीमधी वर्तमानपत्रातली एखादी नकोशी बातमी. पण मुंबईच्या या वस्तीच्या नावाने हिंदुस्थानी गायकीचे एक घराणे ओळखले जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ग्वाल्हेर, जयपूर, पतियाळा ही राजेरजवाड्यांची शहरे. किराणा हे घराण्याचे मूळ गाव. मग या पंगतीत एक बाजार कसा येऊन बसला?

आधी नावाविषयी. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून गोरे लोक 'बिहाइंड द बाजार' म्हणत, त्याचे भेंडीबाजार झाले, असे काहीजण सांगतात. काहींच्या मते समुद्रकाठी वाढणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या भेंडीच्या झाडांवरून हे नाव पडले. मला दुसरी गोष्ट अधिक आवडते.

१८९० च्या सुमारास उत्तरेतल्या बिजनोरचे तीन भाऊ, छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ, इथे राहू लागले. मुंबई वाढत होती. शिकणारे होते, ऐकणारे होते, दाद आणि बिदागी दोन्ही होती. 'भेंडीबाजारवाले' म्हणून त्यांची ओळख झाली. मूळगावचे नाव मागे पडले, वस्तीचे नाव चिकटले.

या गायकीची खूण म्हणजे खुला आकार, लांब दमसास, सरगम आणि मुख्य म्हणजे मेरुखंड. ही काय चीज आहे? सा रे ग म हे चार स्वर घ्या. एकही स्वर पुन्हा न घेता त्यांच्या २४ मांडण्या होतात. सात स्वर घेतले तर ५०४०. आम्हा कवींना हा खेळ ओळखीचा आहे. शब्द तेच असतात, जागा बदलली की अर्थ पालटतो. अर्थात सगळ्याच मांडण्या गायच्या नसतात. रागाला मानवतील त्या निवडायच्या. या गणिताची मांडणी तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात आहे. तो लिहिणारा शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता आणि त्याचे पूर्वज काश्मीरचे! विद्या अशीच मुक्काम करत करत येते.

छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ यांनी कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला. दक्षिणेतला हंसध्वनी राग हिंदुस्थानी मैफलीत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. 'अमर' या नावाने ते बंदिशी बांधत. १९५६ च्या 'परिवार' चित्रपटात सलील चौधरींनी लता मंगेशकर व मन्ना डे यांच्याकडून गाऊन घेतलेले हंसध्वनीतले द्वंद्वगीत त्यांच्याच बंदिशीवर बेतलेले आहे. स्वतः लताबाई काही काळ त्यांच्याकडे शिकल्या होत्या. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या गायकीवरही त्यांचा ठसा आहे. १९५३ साली अमान अली गेले.

नजीर खाँच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर मूळच्या गोव्याच्या. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर या दोघांनाही त्यांची तालीम मिळाली. पुढे त्र्यंबकराव जानोरीकर आणि सुहासिनी कोरटकर यांनी हे गाणे सांभाळले. बिजनोरचे उस्ताद, गोव्याच्या बाई, दक्षिणेचा राग, पुण्यातले मराठी गळे! हे सगळे जिथे जुळले, त्या जागेला मी मुंबई म्हणतो.

'तुम्ही मुसलमान, आणि मराठीत लिहिता?' हा प्रश्न मला आजवर अनेकदा विचारला गेला आहे. विचारणारा बहुधा कौतुकानेच विचारतो. त्याला मी हे घराणे दाखवतो. खाँसाहेब दुरून आले आणि मुंबईचे झाले. मी तर जन्मापासून इथलाच. गाणे काय, भाषा काय, जिथे रुजते तिथली होते.

२००९ मध्ये भेंडीबाजाराच्या पुनर्विकासाची योजना हाती घेतली गेली. मोडकळीला आलेल्या कित्येक जुन्या इमारती त्यानंतर पाडल्या गेल्या, काही ठिकाणी उंच मनोरे उभे राहिले. माणसांना धड घरे मिळावीत यात वाईट काहीच नाही. पण तानपुरे ज्या खोल्यांत जुळले, त्या भिंती साक्षीला राहत नाहीत तेव्हा आठवण जपण्याचे काम आपल्यावर येते. हंसध्वनी कानावर पडला, की शेजारच्या मुलाला एवढे जरूर सांगा: बाळा, हा राग आपल्याकडे भेंडीबाजारातून आला.