उत्तराला उत्तर

रविवारी पहाटे साडेपाचला द्वारका कसं दिसतं हे आपल्या हॉस्टेलमधल्या किती जणांनी पाहिलंय? सकाळी दहाचं द्वारका सगळ्यांना पाठ आहे. वर उड्डाणपूल, खाली मुंबई-आग्रा रोड आणि पुणे रोडची गाठ, आणि त्या गाठीत अडकलेल्या रिक्षा. पण पहाटे तिथं आम्ही आठ-दहा जण आणि आमच्या सायकली एवढंच असतं. तिथून पुणे रोडनं नाशिकरोड, चेहेडीला दारणेचा पूल, मग पळसे, शिंदे आणि शेवटी मोहदरी घाट. ग्रुपमध्ये बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत, एक सायकल मेकॅनिक आहेत (त्यांना सगळे दादा म्हणतात) आणि बाकी आम्ही स्टुडंट्स.

आमचा नियम एकच. कुणीही काहीही विचारावं, पण उत्तर फुकट मिळत नाही. ज्याला उत्तर मिळालं त्यानं पुढच्या कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर द्यायचं. मोबाईल खिशातून काढायचा नाही.

उदाहरण देते. मी विचारलं, डावं पायडल उलटं फिरवल्याशिवाय निघत का नाही? दादा म्हणाले, "त्याचे आटे उलटे असतात, म्हणून." ते का, हे मात्र मेकॅनिकलची मुलगी असल्यामुळे माझ्याच गळ्यात पडलं! डाव्या हाताच्या बोटांची सैल रिंग करा, त्यात पेन्सिल धरा. आता पेन्सिलीचं टोक रिंगच्या कडेला दाबत गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेनं सरकताना दिसेल. पायडलचा दांडा क्रँकच्या भोकात नेमकं हेच करतो, अगदी बारीक प्रमाणात, पण हजारो फेऱ्या. उजवीकडे त्यानं आटे आवळले जातात. डावीकडे साधे आटे असते तर ते सैल होऊन पायडल रस्त्यात पडलं असतं.

बदल्यात मला बाईंकडून शब्द मिळाले. मी कॉन्व्हेंटची. स्पोकला मराठीत 'आरा' म्हणतात आणि तो संस्कृत 'अर'वरून आला, हे मला विसाव्या वर्षी पुणे रोडवर कळलं. 'सायकल'च्या मुळाशी ग्रीक 'किक्लोस' आहे, आणि तो आपल्या 'चक्र'चा सख्खा चुलतभाऊ! म्हणजे सायकल आणि चाक एकाच घराण्यातले. पेडलच्या पोटातला लॅटिन 'पेद' आणि आपला 'पाद' हेही तसेच नात्यातले, आणि पादचाच पुढे पाय झाला. त्यामुळे आपण 'पायडल' म्हणतो तेव्हा ते अशुद्ध वगैरे काही नाही, दूरचा नातेवाईक घरी आलाय इतकंच. हे ऐकून दादा इतके खूश झाले की 'आऊट काढणे' म्हणजे वाकडी रिम आरे आवळून-सैल करून सरळ करणे, हे त्यांनी मला प्रॅक्टिकलसकट शिकवलं.

आता कुणी म्हणेल, सायकल चालवताना एवढी बडबड कशाला? त्यालाही कारण आहे. बोलायचं तर श्वास हळूहळू सोडावा लागतो. जोर वाढला की रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायची शरीराला घाई होते, मग वाक्य तुटायला लागतं. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग झेपतोय. दोनच शब्द निघत असतील तर नाही. हार्टरेट मॉनिटर परवडत नाही अशा आमच्यासारख्यांसाठी हे मीटर झकास!

मागच्या हिवाळ्यात त्याचा खरा उपयोग झाला. फर्स्ट इयरचा एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. उपनगरपर्यंत प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर तयार. पळशाला नुसतं 'हो', 'नाही'. घाटाच्या पायथ्याशी बाईंनी विचारलं, "काय रे, रात्री मेसला भाजी काय होती?" तो गप्पच. बाईंनी लगेच सगळ्यांना थांबवलं. तो घामानं थंडगार पडला होता, हात थरथरत होते. रात्रीच्या जेवणानंतर त्यानं काहीच खाल्लं नव्हतं. रात्रभर उपाशी राहिलं की लिव्हरमधली साठवलेली साखर उतरते आणि वर व्यायाम झाला की मेंदूला कमी पडते. गूळ-शेंगदाणे, पाणी, आणि वीस मिनिटांनी तो म्हणाला, "दुधी भोपळा." पण घाट तसाच चढून उतारावर, मागे ट्रक असताना त्याला चक्कर आली असती तर? तेव्हापासून निघताना प्रत्येकाच्या खिशात चिक्की आहे की नाही ते काका तपासतात.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, साधारण 4,800 किलोमीटर, दोघांनी आळीपाळीनं. टीम म्हणून ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. अशा रेसमध्ये मागच्या गाडीतली माणसं सायकलस्वाराशी सतत बोलत असतात. झोप उडावी म्हणून, आणि तो अजून भानावर आहे ना हे कळावं म्हणूनही. आमचा रविवार त्यापुढे किरकोळच, पण युक्ती तीच. फक्त नाशिकरोडच्या पुढे ट्रक वाढले की आम्ही एका रांगेत जातो आणि प्रश्न मागून ओरडून विचारावे लागतात.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते वाऱ्यावरून. माझं म्हणणं, जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून, म्हणजे हिशोब फिटला. काकांनी टपरीवर बिलाच्या मागे गणित मांडलं. 20 किलोमीटर जायचं, 20 यायचं. वारा नसताना ताशी 20 नं बरोबर 2 तास. वाऱ्यात जाताना 15, येताना 25 धरा. जायला 80 मिनिटं, यायला 48. एकूण 2 तास 8 मिनिटं! वारा आपला वेग कमी करतो तेव्हाच आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ असतो ना. आठ मिनिटं गेली ती गेलीच.

आता माझ्यावर उधारी आहे. काकांचा प्रश्न असा की पावसाळ्यात हॉस्टेलच्या खोलीत जीन्स दोन दिवसांत कशी वाळवायची (त्यांची नात यंदा हॉस्टेलला गेलीय). पंख्याखालची दोरी हे उत्तर त्यांनी नामंजूर केलंय. कुणाकडे दुसरं असेल तर शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी मला मेसमध्ये गाठा.