कोऱ्या चेहऱ्यावरचा राग

समजा, देवनारच्या बस आगाराजवळ तुम्ही बसची वाट पाहत उभे आहात. वर्गातला मित्र समोरून येतो, तुमच्याकडे पाहतो आणि न बोलताच निघून जातो. क्षणभर वाटते, 'हा रागावला की काय?' लगेच दुसरा विचार येतो, 'छे, परीक्षेच्या काळजीत असेल.' बस येते आणि तुम्ही ते विसरूनही जाता.

तेवढ्या वेळात तुमच्या मेंदूत दोन कामे झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक पेशीसमूह असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बदाम. समोरच्या चेहऱ्यात काही धोका आहे काय, हे तो झटपट हेरतो. ही झाली धोक्याची घंटा. कपाळामागचा मेंदूचा भाग मग परिस्थितीचा विचार करतो आणि कारण नसेल तर ती घंटा शांत करतो.

काही माणसांत या दोन कामांचा मेळ नीट बसत नाही. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार, हा अशांपैकी एक. यात भावना चटकन उसळतात, फार तीव्र असतात आणि लवकर ओसरत नाहीत. जवळची माणसे आपल्याला सोडून जातील अशी भीती सतत वाटते. काही जण त्या यातनेत स्वतःला इजाही करून घेतात.

हे मेंदूत पाहायचे कसे? मेंदूचा जो भाग अधिक काम करतो, तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. १९९० साली सेइजी ओगावा या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या फरकाचा उपयोग दाखवून दिला. त्यातूनच एफएमआरआय हे तंत्र पुढे आले.

अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा विकार असलेल्या १५ आणि नसलेल्या १५ जणांना यंत्रात झोपवून चेहऱ्यांची चित्रे दाखवली. काही चेहरे हसरे, काही दुःखी, काही भ्यालेले, तर काही अगदी कोरे होते. विकार असलेल्यांच्या डाव्या अमिग्डालाची प्रतिक्रिया अधिक जोरदार आढळली. नंतर विचारले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी कोरे चेहरेही भीतिदायक वाटल्याचे सांगितले! आपल्याला जिथे काहीच दिसत नाही, तिथे त्यांना राग किंवा धोका दिसतो. मग त्यांची भीती खोटी कशी म्हणावी?

मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. सर्वच प्रयोगांत असा फरक आढळलेला नाही. शिवाय ही समूहाची सरासरी असते. एकट्या माणसाचे मेंदूचित्र पाहून हा विकार ओळखता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञाला त्या माणसाशी निवांत बोलावेच लागते.

आणि घंटा शांत करणे शिकता येते. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यासाठी खास उपचारपद्धती तयार केली. भावनेला नाव देणे, श्वास संथ करणे, कृती करण्यापूर्वी थांबणे, अशी कौशल्ये तीत सरावाने शिकवतात. तरुणपणी आपणही अशाच यातनांतून गेलो होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. २०१४ सालच्या एका लहान अभ्यासात या उपचारांच्या १२ महिन्यांनंतर रुग्णांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया सौम्य झालेली दिसली.

ऐकणाऱ्याचेही शिक्षण व्हावे लागते. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मनोरुग्ण व त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करणारे समाजकार्यकर्ते घडवले. २०१२ साली तिने 'आयकॉल' ही दूरध्वनीवरून समुपदेशन करणारी सेवाही सुरू केली. २०२२ साली भारत सरकारने 'टेलि-मानस' सेवा सुरू केली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

किशोरवयात मनःस्थिती वरखाली होतेच. तेवढ्यावरून कोणाला, किंवा स्वतःलाही, विकाराचे नाव देऊ नका. पण वर्गात एखादी मुलगी किरकोळ गोष्टीवरून कोसळली, तर 'नाटक करते' असे म्हणण्याआधी थांबा. तापलेल्या अंगाला आपण नाटक म्हणत नाही. तिच्याजवळ बसा, तिचे ऐका आणि विश्वासातल्या शिक्षकांना सांगा.