रिकाम्या खोलीचे गणित

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठालगतच्या मुनिरका गावात खोली शोधणारा विद्यार्थी 'भाडे थोडे कमी करा' अशी विनंती करतोच. दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याला १९५८ चा दिल्ली भाडे नियंत्रण कायदा लागू नसल्याने ते परस्परसंमतीनेच ठरते. नकार देण्यापूर्वी घरमालकाने साधे गणित मांडावे. समजा, भाडे १०,००० रुपये आहे. पाचशेची सवलत दिल्यास अकरा महिन्यांच्या करारात ५,५०० रुपये कमी मिळतात; खोली महिनाभर रिकामी राहिल्यास मात्र १०,००० बुडतात. दुसरा भाडेकरू दारात नसेल, तर सवलत द्यावी. मात्र मुदतभर राहण्याची व भाडे ठरल्या तारखेस बँक खात्यात भरण्याची अट करारात नमूद करावी. घरापासून दूर आलेल्या मुलाला ते पाचशे रुपये मोठा आधार असतात.